सड्यावरचा गणिताचा तास : दहावीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

जून २०२० ते एप्रिल २०२१ या काळात रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील एका अनुदानित माध्यमिक शाळेत दहावीच्या वर्गाला गणित शिकवण्यासाठी आभासी बैठकांचा जो वापर झाला, त्याची ही नोंद आहे. त्या वर्गाला बीजगणित आणि भूमिती हे दोन्ही भाग मीच शिकवत होते. शाळेचे, गावाचे आणि मुलांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पटावर ४३ मुले होती. ती आसपासच्या वाड्यांतून येत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक एरवी एसटीने किंवा पायी येणारी होती. घरात दहावीपर्यंत पोहोचलेले तेच पहिले मूल, अशीही काही होती, आणि अशा मुलाला गणित अडले तर विचारायला घरात कोणी नसते. म्हणूनच बंद शाळेच्या त्या वर्षात मुलाला प्रश्न विचारता येईल अशी जागा कशी तयार करायची, हा माझ्यापुढचा मुख्य प्रश्न होता, आणि तो तसा आहे हे उमगायला मला अडीच महिने लागले.

वादळ, वीज आणि फोन

राज्यातील शाळा मार्च २०२० च्या मध्यापासून बंद होत्या आणि नवे शैक्षणिक वर्ष १५ जूनपासून सुरू व्हायचे होते. त्याच्या बारा दिवस आधी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यालाही त्याने झोडपून काढले. घरांची कौले उडाली, नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. अनेक वाड्यांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. राज्यभर ऑनलाइन शिक्षणाची चर्चा चालू असताना आमच्याकडचे पालक जनरेटर असलेल्या दुकानात फोन चार्जिंगला लावून तिथेच ताटकळत बसत होते. आमचा पहिला ऑनलाइन तास जुलै उजाडल्यावर झाला तो यामुळे.

त्याआधी वर्गशिक्षकांनी आणि मी मिळून प्रत्येक घरी फोन केला होता. ‘घरात स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक पालकांनी होकार दिला आणि आम्हाला हायसे वाटले. त्या वर्षीच्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीतही हेच दिसले होते : ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले होते. परंतु त्याच पाहणीत प्रत्यक्ष चालू असलेल्या ऑनलाइन तासाला बसू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण जेमतेम अकरा टक्क्यांच्या आसपास आढळले. घरात फोन असणे आणि ठरलेल्या वेळी तो मुलाच्या हातात असणे, यांत एवढे अंतर होते. फोन कोणाचा आहे, तो दिवसा घरी असतो का, त्यावर आणखी किती भावंडे शिकतात, हे मी त्या वेळी विचारले नाही.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. टाळेबंदीत मुंबईहून हजारो चाकरमानी गावी आले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फोनही आले होते. जुलैत आमच्या यादीत दिसणारे बरेचसे फोन हे असे वडिलांचे, काकांचे, मोठ्या भावाचे होते. त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला आली. गणपती आटोपले, कामधंदे हळूहळू सुरू झाले, माणसे मुंबईला परतली आणि फोनही परतले. पहिल्या तासाला २७ मुले होती, सप्टेंबरच्या पहिल्या तासाला १६ उरली. तोवर मी मुलांचा उत्साह ओसरल्याचा निष्कर्ष काढून पालकांना कानपिचक्या देणारा एक संदेशही गटावर टाकून मोकळी झाले होते. त्या संदेशाचे मला आजही वाईट वाटते. एका आईने मला फोन करून शांतपणे सांगितले, “मॅडम, पोरगी रोज अकरा वाजता वही घेऊन बसते. फोन तिच्या बाबांबरोबर नालासोपाऱ्याला गेला.”

पहिले दोन महिने

पहिल्या टप्प्यात आम्ही शाळेचेच वेळापत्रक पडद्यावर आणले. सकाळी अकराला पहिला तास, मग दुसरा, मग मधली सुट्टी. २२ जुलैच्या शासन निर्णयाने नववी ते बारावीसाठी दिवसाला ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रे, अशी मर्यादा घालून दिली, तेव्हा तासांची संख्या कमी झाली, पण तासाची घडण तीच राहिली. मी घरातल्या भिंतीवर एक फळा टांगला, समोर फोन उभा केला आणि वर्गात शिकवते तशी शिकवू लागले. आम्ही झूम वापरत होतो. त्याच्या मोफत आवृत्तीत सामूहिक बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद होते, हे मला पहिल्याच आठवड्यात, एका समीकरणाच्या मध्यावर कळले. केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिलमध्ये या ॲपच्या सुरक्षिततेबद्दल सूचना काढल्या होत्या, म्हणून प्रत्येक बैठकीला पासवर्ड होता आणि मुलांना एकेक करून आत घ्यावे लागत होते. यादीत एका चौकोनाखाली वडिलांचे नाव, दुसऱ्याखाली फोनच्या कंपनीचे नाव, तिसऱ्याखाली नुसतेच ‘पप्पा’. कोण आहे हे विचारण्यात पहिली दहा मिनिटे जात. पुढे हजेरीक्रमांक आणि नाव लिहिल्याशिवाय आत घ्यायचे नाही असा नियम केल्यावर हा गोंधळ थांबला. तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

शिकवण्याचे म्हणाल तर बोलत होते ती मी एकटीच. वर्गात शिकवताना शिक्षक मुलांच्या चेहऱ्यावरून किती गोष्टी वाचत असतो, हे ते चेहरे नाहीसे झाल्यावर समजते. तिसऱ्या बाकावरचा मुलगा पेन खाली ठेवतो, मागच्या दोघी एकमेकींच्या वहीत डोकावतात, कोणी फळ्याकडे बघत असूनही बघत नसतो. या खुणांवरून आपण पुन्हा समजावतो, उदाहरण बदलतो, थांबतो. पडद्यावर काळे चौकोन होते. मी दर पाच मिनिटांनी “समजलं का?” असे विचारत होते आणि दोन-तीन ठरलेले आवाज “हो मॅडम” म्हणत होते. बाकी शांतता होती. त्या शांततेला मी संमती समजले.

ऑगस्टच्या अखेरीस शालेय पोषण आहाराचा तांदूळ नेण्यासाठी धाकट्या भावंडांचे पालक शाळेत यायचे होते. त्यांच्या हाती दहावीच्या मुलांच्या वह्या मागवून घेतल्या. एकोणतीस वह्या आल्या. त्या तपासताना दोन महिन्यांचे चित्र स्वच्छ दिसले. मी फळ्यावर सोडवलेली उदाहरणे प्रत्येक वहीत सुवाच्य अक्षरात, तंतोतंत उतरलेली होती. ज्या उदाहरणांत मुलांनी स्वतः काही करायचे होते, तिथे एकतर पान कोरे होते किंवा चुका होत्या, आणि त्या चुका वहीगणिक वेगळ्या नव्हत्या, त्याच त्या होत्या. म्हणजे मी शिकवलेल्या भागात एक ठरावीक जागा अशी होती जिथे अर्धा वर्ग अडत होता, आणि त्या जागेवरून मी “समजलं का?” विचारून पुढे गेले होते. वर्गात ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली असती.

बदल

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांशी बोलून गणिताचे तास थांबवले आणि पुन्हा एकेका घरी फोन केला. या वेळी प्रश्न वेगळे होते. फोन घरी कधी येतो, त्यावर कोण कोण शिकते, रेंज घरात मिळते की कुठे जावे लागते, आणि मूल त्या वेळी कोणत्या कामात असते. लावणीच्या दिवसांत सकाळी अकरा वाजता निम्मी मुले शेतात चिखलात उभी होती, हे या दुसऱ्या फेरीत कळले. उत्तरे एकत्र मांडल्यावर संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळेत ३० मुलांना कोणाचा ना कोणाचा फोन मिळू शकत होता. उरलेल्या तेरांपैकी नऊ जणांच्या घरी बटणांचा साधा फोन होता आणि चौघांच्या घरी तोही नव्हता.

तीस मुलांचे सात-आठ जणांचे चार गट केले. प्रत्येक गटाला आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास द्यायचा असे ठरले, म्हणजे माझ्या बाजूने आठवड्याला चार तास झाले, जे मी आधीही देतच होते. मुलाच्या वाट्याला येणारा वेळ मात्र आठवड्याला एका तासावर आला. हा निर्णय सोपा नव्हता. दहावीच्या वर्षी गणिताला आठवड्याला एक तास, हे ऐकून काही पालक अस्वस्थ झाले, आणि माझ्याही मनात धाकधूक होतीच. जुलैअखेर शासनाने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केल्याचे जाहीर केले होते, त्याचा थोडा आधार वाटला. पण पंचेचाळीस मिनिटांच्या तासात सत्तावीस मुलांपैकी तिघांनी “हो मॅडम” म्हणण्यापेक्षा अर्ध्या तासात आठही मुलांनी प्रत्येकी एकदा तोंड उघडणे मोलाचे आहे, अशी माझी खात्री त्या वह्यांनी करून दिली होती.

मग समजावून सांगायचे केव्हा? ते बैठकीच्या बाहेर काढले. प्रत्येक घटकाचे पाच-सहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आणि वहीच्या पानाचे एक-दोन फोटो काढून ते आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवू लागले. ते मुलाने रात्री, पहाटे, फोन हातात येईल तेव्हा ऐकावे, नाही कळले तर पुन्हा ऐकावे. त्याबरोबर दोन उदाहरणे द्यायची आणि ती सोडवलेल्या पानाचा फोटो बैठकीच्या दिवशी दुपारपर्यंत मागवायचा. फोटो आला की तो पाहूनच मी संध्याकाळचा अर्धा तास ठरवत असे. कोरे पान आले तरी ते पाठवावे, असे आवर्जून सांगितले होते, कारण कुठवर आले आणि कुठे थांबले हे कोऱ्या जागेवरूनही कळते.

कॅमेरा सर्वांसाठी बंद केला. याची दोन कारणे होती. पहिले हिशेबाचे आहे आणि तो हिशेब मी मुलांकडूनच करून घेतला. झूमच्या त्या वेळच्या माहितीप्रमाणे दोघांमधल्या चित्रसंवादाला सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात, नुसत्या आवाजाला ६० ते ८० आणि चेहरे न दाखवता पडदा दाखवायला ५० ते ७५. पंचेचाळीस मिनिटांचा चित्रासहित तास म्हणजे साधारण २०० एमबी. दिवसाला असे चार तास आणि एका फोनवर तीन भावंडे असतील तर २,४०० एमबी होतात आणि घरात पॅक असतो दिवसाला दीड जीबीचा. आवाज आणि वहीचे पान एवढेच ठेवले तर तेच बारा तास सव्वासहाशे एमबीत बसतात, आणि आमचा अर्ध्या तासाचा गट जेमतेम ३५ एमबीत. रेंजचा एकच दांडा असलेल्या ठिकाणी चित्र गोठते पण आवाज बहुतेक वेळा पोहोचतो, हाही अनुभव होता. दुसरे कारण मला एका मुलीने सांगितले. तिचे घर एका खोलीचे होते, मागे आई भाकऱ्या थापत असायची, आजोबा झोपलेले असायचे, आणि हे सगळे वर्गाला दिसेल म्हणून ती जुलैभर ‘कॅमेरा बिघडलाय’ असे सांगत होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपले घर सगळ्यांपुढे उघडे करायला लावण्याचा शिक्षकाला काही अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

एक बैठक

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातील एका बैठकीबद्दल थोडे तपशिलात लिहिते. घटक वर्गसमीकरणांचा होता. आदल्या दिवशी दिलेल्या उदाहरणांत क्ष² + ५क्ष = ० हे एक होते. दिसायला सोपे, पण वह्यांमध्ये जी चूक पुन्हा पुन्हा दिसली होती ती नेमकी अशाच समीकरणातली होती. मुले ५क्ष उजवीकडे नेत, क्ष² = −५क्ष असे लिहीत, दोन्ही बाजूंना क्षने भागत आणि क्ष = −५ हे एकच उत्तर लिहून खाली दुहेरी रेघ मारत.

त्या गटात आठ मुले होती. त्यांतल्या एकाच्या घरी रेंज येत नसे, म्हणून तो वाडीच्या वरच्या सड्यावर येऊन बसायचा. सडा म्हणजे उघडा कातळ. तिथे झाड नाही, आडोसा नाही. त्या दिवशी पाऊस होता आणि त्याचा माइक सुरू झाला की छत्रीवर पडणाऱ्या सरींचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. दुपारी आलेल्या फोटोंपैकी दोन मी नावे कापून पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकात वर सांगितलेली मांडणी होती. दुसऱ्यात क्ष(क्ष + ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = −५ असे होते. मी एवढेच सांगितले की एका वहीतून एक उत्तर हरवले आहे, ते कितव्या ओळीत हरवले तो आकडा एका मिनिटात लिहून पाठवा. पाच जणांनी ‘२’ लिहिले. दोघांनी ‘दोन्ही बरोबर’ असे लिहिले. सड्यावरच्या मुलाकडून काहीच आले नाही.

पूर्वीची मी असते तर तिथेच पुढे गेले असते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तरी मुलांची उत्तरे लांब, विचारपूर्वक होतात आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात. प्रशिक्षणात हे कधीतरी ऐकले होते. पण ऑनलाइन तासात आवाज उशिरा पोहोचतो, मुलाला माइक सुरू करायचा असतो, बोलू की नको हे ठरवायचे असते, म्हणून तीन सेकंदही पुरत नाहीत. मी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायची सवय लावून घेतली होती. त्या मुलाचे नाव घेतले आणि मोजत राहिले. सातवर माइक सुरू झाला, पावसाचा आवाज आला, आणि मग तो म्हणाला, “मॅडम, एका हातात छत्री आहे, टाइप नाही करता येत. बोललो तर चालेल?”

“बोल ना.”

“दुसऱ्या ओळीत दोन्हीकडे क्षने भागलंय. पण क्षच शून्य असला तर?”

तो वाक्य पुरे करून थांबला आणि कोणीच काही बोलले नाही. मीही बोलले नाही. मग ‘दोन्ही बरोबर’ लिहिलेल्या मुलींपैकी एकीने विचारले, “म्हणजे मॅडम, क्षने भागायचंच नाही का कधी?” तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, ते तिसऱ्या मुलाने दिले : आधी क्ष शून्य असू शकतो का ते बघायचे, नसेल तर भागायचे. पुढची दहा मिनिटे ती आठ मुले एकमेकांशी बोलत होती. शेवटी प्रत्येकाने ही चूक होऊ शकेल असे एकेक समीकरण स्वतः तयार करून दुसऱ्याला सोडवायला दिले. एकाने ३क्ष² = १२क्ष दिले, तर एकीने थोडा विचार करून क्ष² = ९ दिले आणि इथे भागण्याची नाही, वर्गमूळ घेताना वजा तीन विसरण्याची भीती आहे, असे समजावूनही सांगितले. ही चूक मी त्या महिन्यात शिकवलेली नव्हती.

मला या अर्ध्या तासातून जे कळले ते असे. आभासी बैठकीत सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे सगळे एकाच वेळी जोडलेले असण्याची ती मोजकी मिनिटे. त्यांच्यासाठी कोणी सड्यावर पावसात बसलेले असते, कोणी धाकट्या भावाकडून फोन मागून घेतलेला असतो, कोणाच्या बापाने रिचार्जसाठी दुसरा खर्च मागे ठेवलेला असतो. ती मिनिटे शिक्षकाने फळ्यावरचे उदाहरण वाचून दाखवण्यात घालवली तर ती वाया गेली, कारण तेवढे ध्वनिफितीतूनही पोहोचते. मुलाच्या अर्धवट विचाराला दुसऱ्या मुलाचे उत्तर मिळणे हे ध्वनिफितीतून होत नाही. बैठक त्यासाठीच हवी.

भूमितीची अडचण

बीजगणितात हे जितके चांगले बसले तितके भूमितीत बसले नाही. समरूपतेच्या घटकात आकृतीतला कोणता कोन, कोणती बाजू हे बोटाने दाखवावे लागते. फोनच्या पाच-सहा इंची पडद्यावर त्रिकोणाच्या शिरोबिंदूंची अक्षरेही नीट दिसत नव्हती, आणि मूल “तो वरचा कोन” म्हणाले की प्रत्येकाला वेगळाच कोन दिसायचा. यावर एक उपाय थोडाफार चालला. बैठकीआधी सर्वांनी तीच आकृती, त्याच अक्षरांसह, आपापल्या वहीत अर्धे पान भरेल एवढी काढायची आणि बैठकीत पडद्याकडे न पाहता आपल्या आकृतीकडे पाहून बोलायचे. त्यामुळे मुलांना कोनाचे नाव तीन अक्षरांनी अचूक उच्चारावे लागले आणि ही शिस्त त्यांना पुढे सिद्धता लिहिताना उपयोगी पडली. तरीही प्रमेयांच्या सिद्धता मला पडद्यावरून नीट शिकवता आल्या नाहीत. रचना तर मी शाळा उघडेपर्यंत बाजूलाच ठेवल्या; कंपास धरलेला हात शेजारी बसूनच सुधारावा लागतो.

जे बैठकीत नव्हते

साधा फोन असलेल्या नऊ मुलांसाठी एक जुनी सोय उपयोगी पडली. नेहमीच्या फोनवरूनही एका वेळी पाच जणांना एकत्र जोडता येते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. पाच आणि चार असे दोन गट करून आठवड्यातून एकदा मी त्यांना जोडून घेत असे. समोर चित्र नाही, लिहिलेले काही नाही, फक्त आवाज. म्हणून उदाहरणे पाठ्यपुस्तकातलीच घ्यायची, पान आणि क्रमांक सांगायचा आणि प्रत्येकाने आपली एकेक पायरी मोठ्याने वाचायची. आश्चर्य वाटेल, पण स्मार्टफोनवरच्या गटांपेक्षा या गटांतली मुले एकमेकांचे बोलणे अधिक लक्षपूर्वक ऐकत होती, कारण ऐकण्यावाचून त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते.

ज्या चौघांकडे काहीच नव्हते त्यांच्यासाठी शेजारच्या वाडीतील वर्गमित्राने आठवड्याचे पान हाताने उतरवून द्यावे, अशी व्यवस्था केली. ती दोघांच्या बाबतीत चालली, दोघांच्या बाबतीत चालली नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरचे शैक्षणिक कार्यक्रम, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला, हे सगळे होते, पण ज्या घरात वादळानंतर दूरदर्शन संच दुरुस्तच झाला नव्हता तिथे त्यांचाही उपयोग नव्हता. त्या दोन मुलांपैकी एक जण वडिलांबरोबर मासेमारीच्या होडीवर जाऊ लागला होता, हे मला नोव्हेंबरात कळले. त्याला एखादा जुना फोन मिळवून देता आला असता तर तो राहिला असता का, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

निकाल कशाने मोजायचा

२३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग पालकांच्या संमतीने टप्प्याटप्प्याने उघडले आणि आमची बरीचशी मुले शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात मी गणिताचा एक कोरा पेपर वर्गात सोडवून घेतला. गुणांची तुलना इथे देत नाही, कारण गट वेगवेगळ्या परिस्थितीतून आलेले होते आणि मी त्यांना तसे वाटून दिलेले नव्हते. फोन कोणाकडे होता यावरून ते आपोआप पडले होते. तरी उत्तरपत्रिकांत एक गोष्ट ठळक होती. संध्याकाळच्या गटांत बसलेल्या मुलांनी अडले तिथे काहीतरी प्रयत्न केला होता, चूक खोडून बाजूला दुसरी रीत करून पाहिली होती. फक्त ध्वनिफिती आणि पाने मिळालेल्या मुलांनी सूत्रे अचूक लिहिली होती आणि सूत्रानंतर जागा सोडली होती. साध्या फोनवरचे नऊ जण या दोहोंच्या मधे कुठेतरी होते.

दुसरी लाट आली, शाळा पुन्हा बंद झाल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आमचा वर्गही उत्तीर्ण झाला. त्या आकड्यावरून आमच्या बैठकांचा उपयोग झाला की नाही हे ठरवता येत नाही, आणि कोणी तसे ठरवू नये. पुढे अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलांनी त्या वर्षी जे निसटले ते वर्षभर भरून काढले, हे त्यांच्याकडूनच ऐकले आहे. भौमितिक सिद्धतांचा उल्लेख त्यांत बहुतेक वेळा असतो.

शाळा पूर्ववत सुरू झाल्यापासून मी आभासी बैठक रोजच्या तासाच्या जागी वापरत नाही. पण आमच्या जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीचा इशारा आला की शाळांना सुट्टी जाहीर होते, कधी सलग दोन-तीन दिवस. अशा दिवशी दुपारी दहावीच्या गटावर दोन उदाहरणे जातात, संध्याकाळी पाचपर्यंत वहीचे फोटो येतात आणि सात वाजता आठ-आठ जणांच्या गटाने अर्धा तास बोलणे होते, कॅमेरा बंद ठेवून. त्याची तयारी जूनमध्येच होते. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर प्रत्येक नावापुढे मी चार रकाने आखते : फोन कोणाचा, घरी केव्हा असतो, त्यावर आणखी कोण शिकते, आणि रेंज कुठे मिळते. चौथ्या रकान्यात अजूनही काही नावांपुढे ‘सडा’ असे लिहावे लागते. अशा मुलांच्या गटाची वेळ पाऊस उघडल्यावर, त्यांनाच विचारून ठरते.